हिराबायचा पंप

पितळेचा तो तुकडा माझ्या करंगळीच्या नखाहूनही लहान होता आणि त्याच्या मधोमध एक भोक होतं... शिवणाच्या सुईचं टोकही अडेल इतकं बारीक. आण्णा, म्हणजे माझे वडील, तो तुकडा चिमटीत धरून दुकानाच्या दाराशी यायचे, एक डोळा मिटून त्या भोकातून आभाळाकडे बघायचे आणि मग तो माझ्या डोळ्यापुढे धरायचे. "दिसतो का गो उजेड?" दिसायचा. काळोख्या पितळी भिंतींच्या मध्ये एक गोल, शुभ्र ठिपका! पेट्रोलचा ओला गारवा पापणीला लागायचा, डोळ्यांत पाणी यायचं, तरी मी बघत राहायचे. "जेट साफ झाला. आता इंजिनाची तहान भागंल," असं म्हणून ते पुन्हा आत वळायचे, आईनं टाकून दिलेल्या जुन्या परातीपाशी, जिच्यात कार्बोरेटरचे सुटे भाग पेट्रोलमध्ये भिजत पडलेले असायचे.

गडब गावात, हायवेच्या कडेला आमचं पत्र्याचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर, आणि मधे आईच्या जुन्या लुगड्याचा पडदा. ट्रक गेला की पत्रा थरथरायचा आणि खिळ्यांना टांगलेले पाने एकमेकांवर किणकिणायचे. ऋतू आम्हाला यंत्रांवरून कळत. आषाढात हमरापूरकडचे मूर्तिकार छोटे जनरेटर घेऊन येत, कारण वीज गेली की रंगाचं काम अडायचं. त्यांच्या यंत्रांवर गुलाबी आणि पिवळ्या रंगाची धूळ बसलेली असे. पाऊस ओसरला की गवत कापायची मशिनं येत, पात्यांना हिरवा चीक वाळून चिकटलेला. थंडीत वालाच्या शेतांतली फवारणी यंत्रं येत. आजार मात्र बहुतेकांचा एकच. महिनोन्‌महिने कोपऱ्यात पडून टाकीतलं तेल शिळं झालेलं, त्याचा चिकट, तपकिरी राप कार्बोरेटरच्या नळ्यांत बसलेला. झाकण उघडलं की आंबूस, वार्निशसारखा वास घरभर पसरे; आई तेवढ्यापुरता पदर नाकाला लावी, आणि मी मात्र तो वास छाती भरून घेई... तेव्हा तो मला आण्णांचाच वास वाटे.

हवा आणि तेल यांची गाठ जिथे पडते ती जागा म्हणजे कार्बोरेटर, असं आण्णांनी मला शिकवलं. हवा जास्त झाली तर इंजिन धापा टाकतं, तेल जास्त झालं तर काळा धूर ओकतं. दोघांचं जमवून द्यायला बाजूला एक छोटा स्क्रू असतो. त्याचं टोक सुईसारखं निमुळतं. तो हलक्या हातानं पूर्ण आत बसवायचा, बसल्याचं बोटाला कळलं की तिथेच थांबायचं, आवळायचा नाही, आणि मग दीड आटा, म्हणजे दीड फेरा, मागे सोडायचा. आण्णा डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकत आणि केसभर इकडे, केसभर तिकडे करत. एका क्षणी तो खरखरीत आवाज सलग होई, आणि त्यांच्या कपाळावरच्या आठ्याही त्याच क्षणी पुसल्या जात.

आण्णांचा हात थरथर कापायला नेमका कधी लागला, हे मला सांगता येणार नाही. आधी बशीतल्या चहावर बारीक लाटा दिसल्या. मग बनियनचं बटण लावायला ते आईला हाक मारू लागले. "शिणलो असंन," म्हणायचे. उजवं मनगट डाव्या हातानं धरून ते स्क्रू फिरवीत, तेव्हा पेचकसाचं टोक खाचेतून पुन्हापुन्हा निसटे, आणि ते दाराकडे बघत... कुणी पाहिलं तर नाही ना. ज्याचा हात कापतो त्याच्या हाती आपलं यंत्र कोण देईल? ही भीती त्यांनी कधी बोलून दाखवली नाही. एक दिवस त्यांनी फक्त मला पडद्याआड बोलावलं, पेचकस माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "वैशू, तू फिरव. मी ऐकतो."

तेव्हापासून बारीक काम माझं झालं. मी अकरा वर्षांची होते. तांब्याच्या तारेचा एकच धागा काढून जेट साफ करायचा, इवल्याशा सुया जागेवर बसवायच्या, आणि दीड आटा सोडायचा. पडद्यापलीकडे बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकाला वाटे, मिस्त्री काम करतायत. आमच्या दोघांतलं ते गुपित मला दागिन्यासारखं वाटे. पण पुढे शाळेत एका मुलीनं डबा खाताना नाक मुरडलं. "हिच्या हाताला रॉकेलचा वास येतो," म्हणाली आणि डबा उचलून पलीकडच्या बाकावर गेली. तिच्यामागून आणखी दोघी गेल्या. त्या संध्याकाळी मी हात राखेनं घासले, साबणानं घासले, लिंबाची फोड चोळली... वास जाईना. मी मनाशी ठरवलं, आता त्या परातीपाशी बसायचं नाही.

त्याच आठवड्यात श्रावणातलं उधाण आलं आणि खाडीकाठच्या बांधाला खांड पडली. भरतीचं खारं पाणी लावणी झालेल्या शेतांत शिरलं. गावकऱ्यांनी रात्रंदिवस चिखल टाकून खांड बुजवली, ओहोटीला उघाडीची, म्हणजे बांधातल्या मोरीची, दारं काढून पाणी खाडीत सोडलं. पण गावातल्या हिराबायचं खाचर खोलगट, तिथलं पाणी हलेना. तिचा नवरा नागोठण्याकडे कंपनीत शिफ्टला. शेत सगळं तीच बघायची. पाणी उपसायला तिच्याकडे जुना पंप होता, तो नेमका चालू होईना. दुपारी ती टेंपोत पंप घालून आमच्या दारात आली. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर प्लास्टिकची खोळ, आणि आवाज बसलेला.

"मिस्त्री, आज चालू झाला पायजे. खारं पाणी हाय. दोन दिस उभं ऱ्हायलं तर रोप जळंल."

"व्हईल," आण्णा म्हणाले. "तेलाचा राप बसला असंल. संध्याकाळपर्यंत देतो."

मी तेव्हाच शाळेतून आले होते. आण्णांनी पडदा बाजूला करून माझ्याकडे पाहिलं. हिराबाय समोर होती, म्हणून ते मोकळं बोलू शकत नव्हते. "वैशू, जरा बस गो इथं," एवढंच म्हणाले.

मी म्हटलं, "मला अभ्यास आहे. मी मैत्रिणीकडे चाललेय."

"थोडाच वेळ."

"नाही. हाताला वास येतो."

आण्णा रागावले असते तर मी बसले असते, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. त्यांनी फक्त मान हलवली आणि पडदा सोडला. मी दप्तर घेऊन निघाले. मैत्रिणीच्या घरी आम्ही अभ्यास केलाच नाही. पावसाच्या पागोळ्यांखाली वाट्या मांडून त्यांचे वेगवेगळे आवाज ऐकत बसलो.

परत आले तेव्हा दिवेलागण झाली होती. हिराबाय बाकावर तशीच बसली होती. पडद्याआड आण्णा परातीकडे बघत होते आणि परातीत तो स्क्रू पडला होता... टोक नसलेला. जिथे सुईसारखं निमुळतं टोक असायचं, तिथे ताजं पितळ चमकत होतं. मला कुणी काही सांगायची गरज नव्हती. कापऱ्या हाताला स्क्रू बसल्याचं कळलं नव्हतं. तो आवळला गेला होता आणि टोक आत मोडून भोकात अडकलं होतं. तो कार्बोरेटर आता कुणालाच दुरुस्त करता येणार नव्हता. आण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्या हातातला पेचकस त्यांनी सावकाश खाली ठेवला, आवाज होऊ नये असा.

बाहेर जाऊन ते हिराबायला म्हणाले, "कार्बोरेटरच खराब हाय तुझा. नवा टाकायला लागंल. सकाळी पेणहून आणतो, दुपारपर्यंत पंप चालू."

"नक्की ना मिस्त्री?"

"नक्की."

पेणला त्या जातीचा कार्बोरेटर मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी ते रोह्याला गेले. हिराबाय सकाळ-संध्याकाळ येई, पंपाशेजारी उभी राही आणि निघून जाई; प्रत्येक वेळी आण्णा म्हणत, "उद्या." चौथ्या दिवशी कुठलासा जुना कार्बोरेटर खटपट करून बसवला. त्या दिवशी मी बसले. न बोलावता, हात धुवायचा विचारही न करता. पंप दोरीच्या पहिल्याच ओढीला चालू झाला. पण तोवर रोपं शेंड्यापासून पिवळी पडली होती, आणि त्या खाचरातली माती पुढची दोन वर्षं खारीच राहिली. हिराबाय हमरापूरला मूर्तींना रंग द्यायच्या कामाला जायला लागली, असं आईच्या बोलण्यातून कळलं. आण्णांनी त्या रात्रीच नव्हे, पुढे कित्येक रात्री ताटातला भात तसाच ठेवला. आई विचारी, ते म्हणत, "भूक नाय."

त्यानंतर मी एकही दिवस चुकवला नाही. शाळेत एकटीनं डबा खाल्ला, त्याचं काही वाटेनासं झालं. पुढे आण्णांनीच पडदा काढून टाकला. "बारीक काम माझी मुलगी बघते," असं ते गिऱ्हाइकांना उघड सांगू लागले आणि गंमत म्हणजे, फारसं कुणी दुसरीकडे गेलं नाही. ज्याची त्यांना एवढी धास्ती होती ते घडलंच नाही. मग रस्ता रुंद झाला, दुकान गेलं, आम्ही रोह्याला आलो. मला एका कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. डॉक्टरांनी त्या थरथरीला कंपवात हे नाव दिलं, तोवर ती आण्णांच्या मानेपर्यंत चढली होती. शेवटच्या वर्षात बोलणंही पुसट झालं. एका सकाळी मी त्यांचे केस विंचरत असताना ते काहीतरी पुटपुटले, तीनदा विचारल्यावर कळलं — "हिराबायला सांगायला पायजे होतं." दोन महिन्यांनी ते गेले.

सांगायला मी गेले, गेल्या माघात. हिराबाय अंगणात इवल्या कोळंबीचा जवळा वाळत घालून बसली होती. केस पांढरे झालेले, पण आवाज तोच. मी ओळख सांगितली, शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. आण्णांचा हात, मोडलेलं टोक, कार्बोरेटर खराब असल्याचं खोटं कारण. वाटेत मी मनात चित्र रंगवलं होतं की ती माझ्या पाठीवर हात ठेवील. तिनं ठेवला नाही.

"मंग तवाच सांगायचा ना," ती म्हणाली. "जावेचा पंप रिकामा हुता. ती देत पण हुती. मीच बोलले, नको, मिस्त्री देतो म्हनतात. तीन दिस मी तुझ्या बापाच्या तोंडाकडं बघत बसले."

तिची बोटं सुपातल्या जवळ्यातून बारीक काड्या वेचत राहिली. मग तिनं विचारलं, "हात कापायचा तर मशिनी कशी नीट करायचा तो?"

"बारीक काम मी करायचे."

तिची बोटं थांबली. "त्या दिवशी कुठं व्हतीस मंग?"

हे मी आईला सांगितलं नव्हतं, कुणालाच सांगितलं नव्हतं. इथे येतानाही सांगायचं ठरवलं नव्हतं. "मैत्रिणीकडे गेले," मी म्हटलं. "आण्णांनी बोलावलं होतं. हाताला वास येतो म्हणून मी बसले नाही."

हिराबायनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "केवढी व्हतीस?"

"अकरा वर्षांची."

"अकरा..." ती स्वतःशीच म्हणाली. खाडीत भरती चढत होती, बांधापलीकडे पाणी हळूहळू उजळत होतं. तिनं ते सूप थोडं माझ्या बाजूला सरकवलं आणि पुन्हा काड्या वेचू लागली. मीही वेचू लागले. ती जा म्हणाली नाही आणि मी उठले नाही.