गोजरमावशी बोट दाखवत नाही

शेणवे गावाच्या पुढे डांबरी रस्ता संपतो आणि लाल मातीचा सुरू होतो. तिथे २००१ साली एका संस्थेने निसर्ग केंद्र काढलं. एक कौलारू खोली, तिच्यामागे साग आणि ऐनाचं जंगल, जंगलातून उतरणारी पायवाट, आणि वाटेच्या शेवटी कमळांनी भरलेलं पाणथळ. ही पायवाट गोजरमावशींनी पाडली. कोयत्याने, एकटीने, दोन महिन्यांत. ती कुठेही सरळ जात नाही. मोठ्या झाडाला वळसा घालते, वारुळाला त्याहून मोठा.

मावशी चाळिशीच्या, किडकिडीत, कायम अनवाणी. माहेर मुरबाडकडच्या एका पाड्यावरचं. लग्न होऊन इकडे आल्या आणि पुढची चौदा वर्षं दिवाळी झाली की नवरा देवजी आणि त्या कल्याणच्या बाजूला वीटभट्टीवर जात राहिल्या. त्या वर्षांबद्दल त्या फार बोलत नाहीत. एकदा एवढंच म्हणाल्या, "झाड नव्हतं गो तिथं. सावलीला बसायचं तं कच्च्या विटांच्याच आडोशाला." केंद्र निघालं, गवत कापायला माणूस हवा होता, आणि भट्टी सुटली. शहरातून आणलेला वाटाड्या पहिल्याच पावसात परत गेला, तेव्हापासून लोकांना जंगलात नेण्याचं कामही मावशींकडेच आलं.

आणि तक्रारी सुरू झाल्या. केंद्राच्या वहीत लोक लिहून जात : बाई चांगल्या आहेत, पण काही दाखवत नाहीत.

कोवळ्या काकडीला बोट दाखवलं तर ती सडते, दाखवायचंच तर बोट दुमडून दाखवावं, हे आमच्या शहापूरच्या घरीही मानत. मावशींच्या घरात ही शिस्त वेलावर थांबत नव्हती. अंडं, पिल्लू, कळी, नुकता विणलेला कोष, कशालाच बोट नाही. दुमडलेलंसुद्धा नाही. त्या नुसत्या थांबत, आणि त्यांची नजर जिथे असेल तिथे आपण बघायचं.

केंद्राचा व्यवस्थापक शेखर वाशिंदहून मोटरसायकलने यायचा. तो वैतागायचा.

"मावशी, बोट दाखवलंत तर झडणार आहे का तुमचं?"

"माझं कशाला झडंल? त्या पिलाला काय झालं तं?"

"अहो, लोक ठाण्याहून येतात बघायला!"

"मंग डोळे ठाण्याला ठेवून येतात का?"

शेखर हसायचा, पण वही संस्थेपासून लपवू शकत नव्हता. २००३च्या भाद्रपदात संस्थेच्या चित्रेबाई स्वतः येणार असं ठरलं. त्या मावशींबरोबर वाट चालणार, आणि मावशींना ठेवायचं की शिकलेला वाटाड्या आणायचा, ते त्याच दिवशी ठरवणार. देवजीची छाती भट्टीच्या धुराने आधीच गेलेली. काम सुटलं तर दिवाळीनंतर त्याला घेऊन पुन्हा तिथेच, हे मावशींना सांगावं लागत नव्हतं. बाईंबरोबर चालायला कॉलेजच्या आम्हा बारा मुलींना बोलावलं होतं.

निघताना शेखर हळूच म्हणाला, "आजच्या दिवस दाखवा, मावशी. हात जोडतो."

मावशी पुढे होऊन वाटेला लागल्या.

जंगलात शिरलो आणि आमची बडबड आपोआप खाली आली. ऐनाच्या खोडांवरून शेवाळ्याचा ओला वास येत होता. एका वळणावर मावशी थांबल्या, कंबरेत वाकल्या आणि तशाच पुढे सरकल्या. का, ते कुणाला कळेना. मी वाकले आणि वर पाहिलं. वाटेच्या या झाडापासून त्या झाडापर्यंत पसरलेलं जाळं, पिवळसर सोनेरी, आणि मधोमध तळहाताएवढा कोळी. त्याच्या पोटाखालून आम्ही तेराजणी एकामागून एक वाकून गेलो. चित्रेबाईही वाकल्या, पण पलीकडे जाऊन म्हणाल्या, "आधी सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतं तं तुमी मान वर करून आला असता," मावशी म्हणाल्या.

पाणथळापाशी मावशींनी आम्हाला काठावर, थेट चिखलात बसवलं. समोर कमळाची पानंच पानं. ऊन वर येत होतं. पंधरा मिनिटं गेली.

"आहे काय इथे?" चित्रेबाईंनी विचारलं.

"बाप हाय. पोरं घेऊन."

"कुठे? बोटाने दाखवा ना, गोजरबाई."

मावशींनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "पोरं लहान हायेत, बाई."

"मग तुमचा उपयोग काय लोकांना?" बाईंचा आवाज चढला नव्हता, म्हणून तो जास्त लागला. शेखर चपलेने माती उकरत राहिला. मी मावशींच्या पाठीकडे पाहिलं. एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट इतकं घट्ट धरलेलं, की शिरा वर आल्या होत्या. वाटलं, आता सुटेल हात. सुटला नाही.

"पानं नका बघू," त्या म्हणाल्या. "पानांत जे पान नाय, ते बघा."

आणखी किती वेळ गेला ठाऊक नाही. वरून घारीची सावली पाण्यावरून सरकली, आणि आम्ही ज्याला इतका वेळ सुकलेलं पान समजत होतो ते उभं राहिलं. काळपट अंगाचा, भुवईवर पांढरी रेघ असलेला कमळपक्षी. त्याच्याभोवतीची लोकरीच्या गुंड्यांएवढी चार पिल्लं धावत त्याच्याकडे आली. तो किंचित बसला, पंख अंगापासून सोडले आणि पुन्हा मिटले. पिल्लं नाहीशी झाली. मग तो चालू लागला, पानावरून पानावर, लांबच लांब बोटं टाकत, आणि त्याच्या दोन्ही पंखांखालून काडीसारखे इवले पाय लोंबत होते. एक पक्षी, आणि त्याला दहा पाय. एकही पान बुडलं नाही.

घार गेली. तो तसाच चालत कमळांमागे दिसेनासा झाला.

"आई कुठे यांची?" बऱ्याच वेळाने चित्रेबाईंनी विचारलं, अगदी कुजबुजत.

"अंडी घालून गेली दुसऱ्या घरी," मावशी म्हणाल्या. "यालाच करावं लागतं सगलं."

बाई हसल्या, आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला. परतीला उठताना त्यांच्या साडीला चिखल लागला होता, तो त्यांनी झटकलाही नाही. शेखरला म्हणाल्या, "दुसरं कुणी बघायची गरज नाही. या कायम राहतील." मग मावशींकडे वळून : "तुम्हाला इथे काही हवं असेल तर आत्ता सांगा."

शेखर खुणेने छत्री, बूट असं काहीबाही सुचवत होता. मावशी पाण्याकडे बघत होत्या. आम्ही बसलो होतो तिथलं गवत पार चेपलं होतं.

"ही वाट इथून उचलायला लागंल," त्या म्हणाल्या. "पुढल्या पावसात तो याच काठाला येईल. तेरा माणसं बसली तं बिचकंल. मागं, त्या करवंदीच्या पलीकडून काढते मी."

"पण तिथून लोकांना पिल्लं दिसणार नाहीत," शेखर म्हणाला.

"नाय दिसणार."

शेखरने चित्रेबाईंकडे पाहिलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली. मावशींनी कमरेचा कोयता काढला, करवंदीत पहिला वार घातला आणि म्हणाल्या, "सावकाश या गो. काटे हायेत."