घरातल्या समुद्राला नारळ

आमच्या घरात पदवी मिळवणारी पहिली मी. केमिस्ट्रीत बी.एस्सी. आणि तारापूरच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी. हे मी दर दोन वाक्यांनी सांगते, असं माझा बाप म्हणतो. सांगणारच.

घरात मी प्रवाळाची काचपेटी मांडली. दोन नारिंगी मासे, मूठभर मऊ प्रवाळ. बापाची होडी, दारात समुद्र, आणि मी पुड्यातलं मीठ गोड्या पाण्यात कालवून समुद्र करते, याची चेष्टा वाडीभर झाली. आमच्या किनाऱ्याच्या गढूळ पाण्यात असलं प्रवाळ जगत नाही, हे कुणी ऐकून घेईना.

चेष्टेचं काही नाही. पण पेटीला वास यायला लागला आणि आय भडकली. अंगणात बोंबील वाळत असताना तिला नेमका माझ्या पेटीचा वास यावा, हा अन्यायच. तिनं निकाल दिला, "नारळी पुनवेला पावणे येतील. तवर वास गेला नाय, तर पेटी खाडीत."

वास घालवायला यंत्र लागतं. उभ्या नळीत बारीक बुडबुडे सोडायचे. पाण्यातली घाण त्यांना चिकटते, फेस होऊन वर चढते आणि वरच्या पेल्यात पडते. विकत कशाला घ्यायचं, मी केमिस्ट्रीवाली. बोईसरला दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्याकडे गेले आणि अ‍ॅक्रिलिकचे उरलेले तुकडे नि एक जाड नळी मागितली. त्यानं विचारलं, "मॅडम, लिखना क्या है?" काहीच नाही म्हटल्यावर बिचारा हिरमुसला. निदान स्वतःचं नाव तरी घाला म्हणाला.

अ‍ॅक्रिलिक डिंकानं चिकटवत नाहीत. सांध्यात द्रावक सोडलं की दोन्ही कडा किंचित विरघळतात आणि एकजीव होतात. तेवढ्यात हात हलला की संपलं. पहिला सांधा गळला, दुसराही गळला. अखेर नळी ताठ उभी राहिली, पंप लावला, बुडबुडेही आले. फेस मात्र अर्ध्यातच विरायचा. पुनवेच्या सकाळी पेला कोरडा ठणठणीत. मी तोंड पाडून पहिल्या पाळीला गेले.

परतले तर तपकिरी फेस पेल्यातून जमिनीवर वाहत होता, पेटीतलं पाणी धुरकट, आणि आय फडकं घेऊन बसलेली. विचारल्यावर तिनं सांगितलं की पुनवेला समुद्राला नारळ देतात, आणि घरात समुद्र असताना त्याला कसं वगळायचं? अख्खा नारळ प्रवाळावर आपटेल, म्हणून तिनं तो फोडून त्याचं पाणी पेटीत ओतलं होतं.

"आये, नारळाच्या पाण्यात साखर असते. तीच घातलीस तू त्याच्यात."

"मग? फेस आला ना तुझा?"

यावर केमिस्ट्रीत उत्तर आहे, पण मी दिलं नाही. पेटी खाडीत फेकायला निघालेल्या बाईनं त्याच पेटीला नारळ दिला होता. अर्धंअधिक पाणी बदललं. पेल्यातलं काळं पाणी लांब नेऊन ओतलं तेव्हा आयनं पदरानं नाक धरलं. येवढी घाण आत व्हती, असं ती स्वतःशीच म्हणाली.

संध्याकाळी पाहुणे आले तेव्हा घरात नारळीभाताचाच वास होता. मावशी काचेला नाक लावून म्हणाली, "म्हावरा लयच बारका. रस्सा तरी व्हईल काय?" आणि तिनं पाण्यात बोट घालायला हात उचलला.

आयनं तो वरच्यावर धरला. "हात काढ. म्हावरा नाय त्यो."