मामाने गाळलेलं कडवं

माझा मामा टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचा. पाच वर्षांचा असताना मी त्याच्या लाडक्या रॉक बँडची कॅसेट हाती धरली आणि टेप ओढून तोडून ठेवली. मामा ओरडला नाही. चुरगळलेला भाग ब्लेडने कापून त्याने टोकं जोडली, पण त्यात एका गाण्याचं दुसरं कडवं कायमचं गेलं. पुढे चाळीस वर्षं दुकानात तीच कॅसेट लावून तोही तसंच गायचा, पहिल्या कडव्यावरून थेट तिसऱ्यावर.

परवा तो बँड आला आणि मामाने आम्हा दोघांची तिकिटं काढली. स्टेडियम खच्चून भरलेलं. गायकही आता सत्तरीचा. त्याच गाण्याच्या दुसऱ्या कडव्याला वाद्यं थांबली, तो हळू आवाजात गाऊ लागला आणि हजारो माणसं चिडीचूप झाली. तेवढ्यात आमचे मामासाहेब डोळे मिटून, बेंबीच्या देठापासून तिसरं कडवं गायला लागले! आसपास खसखस पिकली. पुढच्या बाईने वळून मला विचारलं, "हे तुमच्याबरोबर आहेत का?"

"छे हो!" मी म्हणालो. जीभ कशी झडली नाही माझी!

मामा गप्प झाला, तो शेवटपर्यंत.

बाहेर पडताना आमची चुकामूक झाली. फाटकापाशी तो दिसला, माझं जॅकेट नीट घडी घालून हातावर घेतलेलं. रखवालदार त्याला विचारत होता, "आजोबा, सोबत कोणी आहे का?"

मी चार पावलांवर होतो. मामाने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "नाही. एकटाच आलोय."