लाल दिव्यांच्या सोबतीने पुण्यात

कोल्हापूर सोडतानाच आमच्या ह्यांनी अट घातली. गाडी पुण्याला जाऊन धड परत आली तर उन्हाळ्यात हिमाचल, नाहीतर विक्री. गाडी म्हणजे आमचं मोटारहोम (टेम्पोत बसवलेलं घर): झोपायला बाकं, शेगडी, छोटीशी मोरी. चालवते मी, काळजी हे करतात. ह्या गाडीसाठी मी साठीत लायसन्स काढलं. ती विकू द्यायची नाही, हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

दसऱ्यापासून डॅशबोर्डवरचे बॅटरीचा आणि ब्रेकचा असे दोन लाल दिवे मनाला येईल तेव्हा लागत होते. खंबाटकीच्या बोगद्यात हेडलाइट लावले, तर दोन्ही दिवे हजर. बाहेर पडून हेडलाइट बंद केले, तर गायब.

"बघ," हे म्हणाले.

"बघतेच आहे," मी म्हणाले, आणि खरोखरच बघून ठेवलं.

कर्वेनगरला पोचेपर्यंत अंधार पडला, हेडलाइट लावलेले, तर मावसबहिणीच्या सोसायटीपाशी गतिरोधकावर पुन्हा तेच. त्यात वॉचमननं अडवलं. "डिलिव्हरी मागच्या गेटनं."

"आम्हीच डिलिव्हरी," मी म्हणाले.

सकाळी गाडीत पोहे केले, वॉचमनलाही बशीभर दिले. पोहे खाऊन त्यानं मार्केट यार्डाजवळचे सलीमभाई सुचवले. मालट्रकांचं इलेक्ट्रिकचं काम तेच करतात म्हणे.

यार्डाच्या रस्त्याला कांद्याचा उग्र वास आणि हमालांची घाई. सलीमभाईंनी गाडी सुरू करून पाहिली. एक दिवा लागेल तर शपथ.

"काकू, आजार दिसल्याशिवाय औषध काय देऊ? सगळं वायरिंग बदलू?"

"त्यापेक्षा विकूच," हे लगेच म्हणाले.

माझं डोकं फिरलं. "बसा शेजारी," मी सलीमभाईंना म्हटलं. हेडलाइट, पंखा, मोरीचा पंप, सगळं चालू केलं आणि ट्रकांच्या मधून खड्ड्यांत गाडी घातली. लागले दोन्ही दिवे.

"विजेचा भार वाढला आणि वर हादरा बसला की लागतात," मी म्हणाले. "कुठली तरी तार नीट टेकत नाहीये."

"मग अर्थिंग बघू," सलीमभाई म्हणाले. (बॅटरीची तार गाडीच्या लोखंडी सांगाड्याला बोल्टनं जोडतात, ती जागा.)

त्यांनी बोल्ट सोडला. तारेखाली हळदीकुंकवाचा वाळलेला थर, आणि त्यात अक्षता. आम्ही दोघांनी ह्यांच्याकडे पाहिलं.

"दसऱ्याला गाडी धुताना तार काढली होती," हे पुटपुटले. "म्हटलं, एवढी एकच जागा पूजेवाचून का ठेवायची?"

"काका, पूजा उत्तम झाली," सलीमभाई म्हणाले. "आता विसर्जन करू."

पॉलिश पेपरनं घासून लोखंड लख्ख केलं, बोल्ट आवळला. सगळं चालू ठेवून मी त्याच खड्ड्यांतून पुन्हा पुन्हा गाडी नेली. दिव्यांचं नाव नाही. आनंदानं मी भर रस्त्यात लांबलचक हॉर्न वाजवला, हमाल वळून बघायला लागले. लायसन्स मिळालं तेव्हाही मी एवढी खूश नव्हते.

परतीला कात्रजच्या बोगद्यात मुद्दाम पंखाही लावला. डॅशबोर्ड काळाच्या काळा. साताऱ्याजवळ पेरू कापत ह्यांनी विचारलं, "हिमाचलात उन्हाळ्यातही थंडी असते का गं?"

"स्वेटर घ्या," मी म्हणाले. पुण्यात मी पाहिलं काय, तर एक खराब रस्ता. पण एवढी भरून पावलेली मी कुठल्याच गावाहून परतले नव्हते.

हिमाचल झालं. पुढच्या दसऱ्याला हे हळदीकुंकू घेऊन बॅटरीपाशी वाकले आणि थबकले.

"इथं लावू का?"

गाडीतलं काही ह्यांनी मला विचारावं, हे आमच्या संसारात पहिल्यांदाच घडत होतं. मी सावकाश खाली उतरले, नीट पाहिलं आणि म्हणाले, "झाकणावर लावा."