उपरण्याखालचा सौदा

नांदेडच्या त्या डॉक्टरीणबाईंना एक विचित्र खोड होती. त्या रोग्याकडे बघायच्या.

मी बैलबाजारातला दलाल. आमचा भाव उपरण्याखाली एकमेकांची बोटं धरून ठरतो. दुष्काळात उपरणी धुवायला पाणी नव्हतं. माझ्या हातांवर गजकर्ण पसरलं आणि कोणी उपरण्याखाली हात देईना. धंदा बसला. लातूरचे डॉक्टर टेबलापलीकडूनच ‘ॲलर्जी’ म्हणून मलम लिहीत. फी मात्र त्याच हातातून घेत. मलमानं चार दिवस बरं वाटे, मग चट्टे दुप्पट होत. शेवटी नांदेड गाठलं.

बाईंनी हातमोजे घालून माझा हात उजेडात फिरवला, कातडी खरवडून काचेवर घेतली आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली.

“बुरशी आहे. हल्ली ही नवी, चिवट जात आलीय. तुमच्या मलमातल्या स्टेरॉईडनं ती पोसली. तीन महिने गोळ्या घ्या.”

“तीन लई होतात बाई. एक करा.”

“दलाल ना तुम्ही? बाजारात भाव कसा ठरवता?”

मी सांगितलं. त्यांनी आमच्या हातांवर स्वच्छ टॉवेल टाकला. मी त्यांचं एक बोट धरलं. त्यांनी माझी तीन धरली आणि सोडेचनात.

घासाघीस करायला माझ्याकडे शब्द पुष्कळ होते. पण कित्येक महिन्यांत कोणी माझा हात धरला नव्हता. मी हात तसाच राहू दिला.