हवालदाराच्या पोटाचा घेर

फौजेतून घरी येताना माणूस एक लोखंडी पेटी आणि ढीगभर किस्से आणतो. पेटी पुढेमागे गंजते, किश्शांत मात्र भरच पडत जाते! आम्ही मेडशीचे पाच माजी सैनिक रोज पहाटे चालायला जातो. मी फौजेत नर्सिंग असिस्टंट होतो, म्हणून सगळे मला ‘डॉक्टर’ म्हणतात. माझ्याकडे बीपीचं मशीन आहे आणि शिंप्याचा टेप. दर रविवारी मी सगळ्यांची कंबर मोजतो.

यातले बरेचसे किस्से हवालदार विश्वनाथचेच.

*

विश्वनाथ हातापायांनी काटकुळा, पोट तेवढं सुटलेलं, पण टणक. वाशीमच्या डॉक्टरांनी त्याला तपासून सांगितलं, “चिमटीत येते ती चरबी परवडली. तुमची आत, आतड्यांभोवती साचली आहे. हृदयाला तीच घातक. रोज चाला, नाहीतर अवघड आहे.”

बाहेर आल्यावर तो म्हणाला, “डॉक्टर, पोरगी पोलीस भरतीची तयारी करून राह्यली. तिले वर्दीत पाह्यल्याबिगर मले जायचं नाही.”

मी त्याला दोन शिव्या दिल्या आणि दुसऱ्या दिवसापासून रस्त्यावर काढला.

*

पोरीनं त्याला पावलं मोजणारं घड्याळ घेऊन दिलं. एकदा पठ्ठ्यानं सकाळी दांडी मारली आणि संध्याकाळी मोबाईलवर पंधरा हजार पावलं! मी घरी जाऊन धरला, तेव्हा हसत कबूल झाला.

“बैलाच्या पायाले बांधलं होतं घड्याळ!”

आम्ही हसून लोटपोट. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या.

“कोन्त्या बैलाच्या? आपला तं आज दिवसभर दावणीलेच बसून होता.”

चहा तसाच गार झाला.

*

तीन महिने तो इमानदारीनं चालला. वजनाचा काटा जागचा हलेना, पण टेप लावला तर घेर चार बोटं कमी! मी समजावलं, “अरे, वजन तेच राहिलं तरी व्यायामानं आतली चरबी झडते. हे चांगलंच आहे.”

ढिली झालेली पँट मुठीत धरून तो हळूच म्हणाला, “वजन तेवढंच हाय न? मंग आतून जे गेलं, त्याच्या जागी कोन आलं?”

“गप रे!” मी ओरडलो. पण त्या दिवशी माझाही हात सारखा माझ्या पोटाकडे जात होता.

*

एका दुपारी वहिनी धावत आल्या. “भाऊजी, चला लवकर! ह्यायचं काळीज थांबलं!”

मी पळत गेलो. विश्वनाथ घोरत होता. नाडी पाहिली, तर संथ, मिनिटाला पन्नासेक ठोके. फौजेत पळणाऱ्या पोरांची असायची तशी.

“वहिनी, हा फिट झालाय!”

त्यांनी पुन्हा त्याच्या छातीला कान लावला आणि डोळे मिटले. “फिट झाले, खरं. पण मधात मधात दुसरंच कोनीतरी ठोके देऊन राह्यलं, भाऊजी.”

*

आता हा शेवटचा. आम्ही फौजी सवयीनं एका ओळीत चालतो, मागं वळून बघायचं नाही. सगळ्यात मागचा पुढच्याच्या खांद्यावर थाप मारून ‘एक’ म्हणतो, तो त्याच्या पुढच्याला ‘दोन’, असं करत मोजणी माझ्यापर्यंत येते. शेपटाला कायम विश्वनाथ.

तुरीच्या शेतांमधून चाललो होतो. दाट धुकं होतं. अचानक विश्वनाथच्या पुढं चालणारा गजानन किंचाळला. त्याच्या खांद्यावर थाप पडली होती, ‘एक’ ऐकूही आलं होतं. पण हात इतका गार लागला, की नियम मोडून त्यानं मागं पाहिलं. मागं कुणीच नव्हतं!

आम्ही उलटे पळालो. पार मागं, बाभळीखाली विश्वनाथ छाती धरून बसला होता. घामानं चिंब. गाडी मिळाली, तासाभरात वाशीमच्या दवाखान्यात पोचवला. डॉक्टर म्हणाले, चालून चालून हृदय तगडं झालं म्हणून टिकला, आणि वेळेत आणला म्हणून वाचला. मी कॉरिडॉरमध्येच रडलो.

तिसऱ्या दिवशी तो बोलायला लागला. मी विचारलं, “तू तर तिकडं मागं बसला होतास. मग गजाननला थाप कुणी मारली?”

विश्वनाथनं माझ्याकडं नवलानं पाहिलं.

“मले तं उभंच राहवे ना, डॉक्टर. म्हून म्या मांगच्याले म्हटलं, तू हो पुढं, मोजणी तुटू देऊ नोको.”