समासातलं शेपूट

होडी धुक्यात दिसेनाशी झाली तिथं पान संपलं होतं, आणि पुढचं पान काही केल्या उघडत नव्हतं.

मी शाळेतून रिटायर झालेला इंग्रजीचा मास्तर, मुक्काम वडगाव रासाई. घरबसल्या ट्रान्सक्रिप्शन करतो, म्हणजे जुन्या हस्ताक्षराचे फोटो बघून मजकूर टाईप करायचा. या वेळी देवमाशांची शिकार करणाऱ्या शिडाच्या जहाजावरची रोजनिशी आली होती. देवमासा दिसला की जहाजावरून लहान होड्या सोडायच्या. एकेका होडीत सहा माणसं, आणि दोर बांधलेला भाला. बायको गेल्यापासून घरात बोलायला कोणी नाही. खरं सांगायचं तर महिनाभर मी त्या रोजनिशीवाल्याच्याच सोबतीत होतो. चार महिने त्यांना एकही देवमासा दिसला नव्हता. तो आपला रोज वारा लिहायचा आणि खाली, घरून पत्र नाही.

कामाची रीत अशी, की आधी अख्ख्या वहीच्या समासातले शिक्के नोंदवायचे, मजकूर नंतर. शिक्के दोनच, पूर्ण देवमासा आणि नुसतं शेपूट. अर्थ कोणी सांगितला नाही, मीही शहाणा, विचारला नाही. आमच्याकडे विम्याची म्हैस मेली की कानातला बिल्ला पुरावा म्हणून दाखवावा लागतो. त्याच चालीवर मी शेपूट म्हणजे पुरावा, म्हणून मारलेला धरला आणि पूर्ण म्हणजे नुसता दिसलेला. सगळे सबमिट करून मोकळा झालो.

आता मजकुरात पहिली शिकार आली. भाला लागला, देवमासा होडीला ओढत धुक्यात शिरला, होडीला वाट दिसावी म्हणून जहाजानं डोलकाठीवर कंदील चढवला. समासात शेपूट. मारला तर मग होडी कुठं गेली? शेजारचे आप्पा दूध घालायला आले होते, त्यांना वाचून दाखवलं. त्यांच्या दावणीला आठ म्हशी.

"सर, शेपूट पळणाऱ्याचंच दिसतंय की," ते म्हणाले. "ह्यो निसटल्याला हाय."

पुण्याच्या कोऑर्डिनेटर मॅडमना फोन केला. त्यांनी वर विचारलं. माझं सगळंच उलटं झालं होतं.

एकदा दिलेले शिक्के मला बदलता येत नाहीत, आणि पान सबमिट करायला 'शिक्के बरोबर आहेत' यावर टिक लागते. त्याशिवाय पुढचं उघडत नाही. मॅडम चांगल्या आहेत. म्हणाल्या, "सर, टिक करून टाका. शिक्के कोणी तपासत नाही. चूक रिपोर्ट केलीत तर नियमानं वही दुसऱ्याकडे जाईल."

ती सहा माणसं परत आली का, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. पण त्या माणसानं हलत्या जहाजावर बसून निसटलेला तो निसटलेला लिहिला होता. मी इथं पंख्याखाली बसून खोटी टिक कशी करणार? रिपोर्टचं बटण दाबलं. स्क्रीन पांढरी झाली.

नवीन काम मिळालं, कुठल्याशा बागेतल्या झाडांची यादी. खुणांचा अर्थ पहिल्याच दिवशी विचारून घेतला.

आप्पा अजून विचारतात, "सर, आली का ती होडी?"

"अजून नाही," मी म्हणतो. ते पातेल्यात दूध ओततात आणि जातात.